प्राजक्ता मंडईला येते

माझी लेक फोनकडे बघून एकटीच हसते, तेव्हा आमचे हे माझ्याकडे बघतात. म्हणजे मी विचारावं, कोण आहे गं पलीकडे. मी विचारत नाही. एकदाच सांगून ठेवलंय तिला, जो कोणी असेल त्याला, नाहीतर तिला, मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, घरी घेऊन ये. लेक म्हणते, आई, तुझं प्रत्येक दुखण्याचं औषध मंडईच कसं? आहेच मुळी. मला त्याचा गुण आलेला आहे. पंचेचाळिशीत कुणी आत्मकथन लिहितं का, असंही लोक विचारतात. मी म्हणते, आठवतंय तोवर लिहावं, पुढे बोलायला फक्त गुडघे उरतात.

आमचं गाव सावली तालुक्यातलं, नदीकडचं. चहूकडे बांध्या, बांध्यांत धान आणि धानाच्या पलीकडे जंगल. घर एकच पण चुली दोन. इकडे आम्ही, तिकडे मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ आणि मोठीमाय. मध्ये एकच अंगण, त्यामुळे तिकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे आम्ही शिंकायचो. मोठेबाबा अंगणात कुजबुजले तरी पलीकडच्या आळीत ऐकू जायचं. बाबा अगदी उलट. दिवसभरात मोजकं बोलायचे, तेही बैलांशीच जास्त, पण एकदा बोलले की ती काळ्या दगडावरची रेघ. माय सकाळी उठल्यापासून भांड्यांशी, कोंबड्यांशी, चुलीतल्या ओल्या लाकडाशी भांडत असायची. बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तिच्यासारखे आख्ख्या गावात कुणाला जमत नसत, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. मी तिच्यावरच गेलेय.

बारावीनंतर मी ब्रह्मपुरीला कॉलेजात गेले, तिघी मुलींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहू लागले. आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली मी पहिली. घरी मी चुरूचुरू बोलायची, कुणाचं ऐकून घ्यायची नाही. पण कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी काही विचारलं आणि मी म्हटलं, "सर, मी तेच करून राह्यली." मागच्या बाकावरची शहरातली पोरं खो खो हसली. झालं. त्या दिवसापासून वर्गात माझं तोंड शिवल्यासारखं बंद. राग आला होता मला, लाज नव्हे. पण तो राग सांगायचा कुणाला? खोलीतल्या मुली म्हणत, जाऊ दे ना जोसना. जाऊ दे म्हणणारं माणूस मला आजही आवडत नाही.

कॉलेजच्या वाटेवर झेरॉक्सचं एक दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत प्लायवूडचे आडोसे घालून कॉम्प्युटर मांडले होते. परीक्षेचा निकाल बघायला म्हणून गेले, आणि तिथल्या नेटवाल्या भाऊंनी चॅटरूम कशी उघडायची तेही दाखवलं. देशभरातले लोक एकाच चौकटीत एकदम बडबडत होते. इंग्रजी अक्षरांत मराठी, त्यात हिंदी, सगळी खिचडी. मुलगी आहे म्हटलं की नुसती झुंबड उडायची, आणि प्रत्येकाला तेच हवं असायचं: वय किती, दिसतेस कशी, फोटो पाठव. मी कंटाळून उठणार तेवढ्यात एका कोपऱ्यात अक्षरं उमटली, आज काय जेवलीस? मी लिहिलं, काही नाही. ती म्हणाली, मग आधी जेवून ये, मी आहे इथेच. मी खरोखर उठले, समोरच्या टपरीवर समोसा खाल्ला आणि परत आले. ती होती. तिचं नाव प्राजक्ता, वय एकवीस, साताऱ्याकडची, कॉलेजात शिकणारी.

तिला मी काय सांगितलं नाही! वर्गातलं हसणं सांगितलं. ती म्हणाली, हसणाऱ्याच्या डोळ्यांत बघून तेच वाक्य पुन्हा म्हण, आणखी मोठ्यानं. मी म्हटलं. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. मूल गावच्या एका ट्रॅक्टरवाल्याचं स्थळ मला सांगून आलं होतं, तेही सांगितलं. पोरगा वाईट नव्हता, पण मला एवढ्यात लग्नच नको होतं, शिकून मास्तरीण व्हायचं होतं. पोटात कळा यायच्या तेही सांगितलं, तर म्हणाली, ओव्याचं पाणी घे गरम गरम. वयाच्या मानानं पोक्तच होती म्हणायची. तेव्हा मला वाटलं, साताऱ्याकडच्या पोरी अशाच असतील.

हे सगळं मायजवळ का बोलले नाही, असं माझी लेक विचारते. माय समोर असायची ना, तीच तर अडचण. समोरच्या माणसाला भुवया असतात. आपण तोंड उघडलं की त्या वर जातात, आणि निम्मं बोलणं तिथंच गिळावं लागतं. पडद्याला भुवया नव्हत्या. शिवाय न दिसणाऱ्या माणसात आपणच आपल्या हातानं रंग भरतो. प्राजक्ताला मी लांब वेणी दिली होती, स्कूटी दिली होती, गालावर खळी दिली होती. तिनं यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पण मला ती खळीसकट दिसायची, आणि अशी आपल्याच हातची मैत्रीण आवडणारच. आज कॉलेजात शिकवते तेव्हा पोरांना मी हेच सांगते की खोटं पलीकडचाच बोलतो असं नाही, अर्धं आपण स्वतःच स्वतःला सांगत असतो. पोरं मान डोलावतात आणि बाकाखाली फोन बघतात.

एका आतेभावानं मला त्या दुकानात पाहिलं आणि गावात जाऊन मोठेबाबांच्या कानावर घातलं. दिवाळीला घरी गेले, तर अंगणात पंचायत बसलेलीच.

"नेटवर पोराशी बोलून राह्यली तुही पोरगी," मोठेबाबा बाबांना म्हणाले. "प्राजक्ता म्हने! नाव का, कोनी बी घेते. मी बी मंदाकिनी म्हनून लिवीन उद्या."

"तुमच्या मिशा नाई दिसनार काय?" मी म्हटलं.

"तेच तं म्हनून राह्यलो मी! तिच्या दिसते काय तुले?"

 माय वडे तळत होती. तिथूनच ओरडली, "त्यात भांडाचं काय हाय? मंडईले बलाव तिले. जेवताना मानूस समजते."

बाबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली, मग बोलले. "बरोबर हाय. पोरगी असन तं येइन. आली तं तुही ब्रह्मपुरी चालू राहीन. नाई आली तं तो पोरगा हाय असं मी समजीन. मंग कालेज बंद, अन् मूलवाल्याले हो म्हनून टाकू." एवढं बोलून ते बैलांना पाणी दाखवायला गेले. माझं सगळं पुढचं आयुष्य त्यांनी चार-पाच वाक्यांत त्या न दिसणाऱ्या पोरीच्या पदरात टाकलं होतं.

मी ब्रह्मपुरीला जाऊन जसंच्या तसं लिहिलं, गावाचा पत्ता आणि मंडईचा दिवसही.  भाऊ येऊन वेळ संपली म्हणून सांगून गेले. मग एकच शब्द आला. येते.

ज्यांनी झाडीपट्टीतली मंडई पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव एकेक दिवस मंडई भरते. दुपारी लोकनृत्याची दंडार नाचते, सिंगाडे, ऊस आणि जिलेबीची दुकानं लागतात, रात्री नाटक असतं. त्या दिवशी प्रत्येक घर पाहुण्यांनी फुटायला येतं. सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात, ज्यांना पोरगा-पोरगी दाखवायची ते येतात. आणि दारात आलेल्याला, तुम्ही कोण, असं विचारत नाहीत. पाय धुवायला पाणी द्यायचं, ताट वाढायचं. कोण ते बोलता बोलता कळतं, आणि नाही कळलं तरी काही अडत नाही. मंडईच्या पाहुण्याला कोण म्हणून विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं.

त्या दिवशी सकाळीच काळीपिवळी जीपमधून पाहुण्यांचा लोंढा उतरला. त्यात एक बाई होती, मायच्याच वयाची. फिकट निळं लुगडं, डोळ्यांवर चष्मा, हातात कापडी पिशवी. मी तिला पाण्याचा गडवा दिला. तिनं गडवा घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली, पाणी पायावर घ्यायचं विसरून. "पाय धुवा ना जी," मी म्हटलं आणि निघाले, कारण मला प्राजक्ताला घ्यायला फाट्यावर जायचं होतं. मायला वाटलं, ही मोठीमायच्या माहेरची. मोठीमायला वाटलं, ही आमच्या मायच्या माहेरची. दोघींनीही तिला डोक्यावर घेतलं. थोड्या वेळानं ती दुखरा गुडघा लांब करून चुलीशी बसली नि वडे थापू लागली, आणि माय तिला आपल्या वड्यांचं गुपित सांगत होती, जे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं.

मी फाट्यावर उभी. जीप आली की धूळ, धुळीतून माणसं, आणि त्यात मी लांब वेणी शोधायची. खळीची एक पोरगी उतरली तर मी धावतच गेले. ती म्हणाली, "कोन पायजे तुले?" आणि माझ्या अंगावरून पुढे निघून गेली. ऊन कलायला लागलं तरी ती आली नव्हती. दुपारी दोनदा घरी येऊन गेले, काही निरोप आहे का म्हणून. दोन्ही वेळा त्या चष्मेवाल्या बाईनं मला हाक मारली, "जेवून घे गं पोरी." मी वैतागून म्हटलं, "भूक नाई मले!" मोठेबाबा छपरीत पाहुण्यांना सांगत होते, "आमची जोसना सिनेमातल्या हिरोची वाट पाहून राह्यली." सगळे हसले. मला त्या क्षणी प्राजक्ताचा इतका राग आला की ती भेटली असती तर मी तिची वेणीच उपटली असती.

दिवे लागले. नाटकाची घाई म्हणून छपरीत बायका-पुरुष एकाच पंगतीला बसवली होती. मी वाढत होते, वरणाच्या भांड्यात डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून मान वर करून. बाबा पहिला घास घ्यायच्या आधी बोलले, अगदी हळू.

"जोसना, उद्या मी येतो ब्रह्मपुरीले. तुह्या खोलीतलं सामान आनून टाकू."

 मोठेबाबासुद्धा ताटाकडे बघू लागले. मायनं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण सूचना तिचीच होती. मला ओरडायचं होतं की ती येणार होती, तिनं लिहिलं होतं. पण पुरावा काय? एका शब्दाचा तर तो पुरावा.

तेवढ्यात त्या चष्मेवाल्या बाईनं हातातला घास ताटात ठेवला. "तिचं सामान आणू नका," ती म्हणाली.  "प्राजक्ता आलीय. सकाळपासून इथेच आहे. मीच ती."

सगळ्यांच्या माना वळल्या. मायला आधी दुसराच धक्का बसला. "म्हनजे तुमी मोठ्याबाईच्या माहेरच्या नोहोत?"

"माह्या कायच्या?" मोठीमाय म्हणाली. "मी समजली तुह्या!"

त्या बाईनं सगळं सांगितलं, खाली बघून. खरं नाव सुमन. नवरा वारला, मुलगा परदेशी गेला, जाताना घरात कॉम्प्युटर ठेवून गेला, आई आपण रोज बोलू म्हणून. तो महिन्यातून एकदा बोलायचा. कॉम्प्युटर रोज समोर असायचा. खरं वय लिहिलं की चॅटवरची माणसं उठून जात. एकदा एकवीस लिहिलं. त्याच आठवड्यात मी तिला भेटले.

"म्हनजे खोटंच निघालं का नाई!" मोठेबाबांना अखेर आवाज सापडला. "मी म्हनलंच होतं."

बाबांनी त्यांना हातानं थांबवलं. बाईकडे बघितलं. "मी म्हनलं होतं, पोरगी असन तं येइन," ते म्हणाले. "हे बी कोनाची पोरगीच हाय. आली ना? झालं मंग. जोसना, पाहुनीले भात वाढ." आणि जेवू लागले. माझं कॉलेज असं वाचलं.

मी भात वाढला नाही. भांडं आपटलं आणि परसातल्या सांदवाडीत जाऊन भोपळ्याच्या वेलाशी उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता, पण अंगाची आग झाली होती. थोड्या वेळानं ती आली.

"माझ्याशी बोलणार नाहीस?"

"खोटं काऊन बोलल्या माह्याशी?"

"पन्नाशीच्या बाईला तू हे सगळं सांगितलं असतंस?"

"नाई," मी म्हटलं. खरं तेच होतं, मग लपवायचं कशाला.

"पण ऐकलं मीच ना गं. ओवा घे म्हणाले ती मीच. तेवढं तरी खरं होतं."

"ऐकलं तुमी. पन मी तुमाले नव्हतं सांगतलं. मी तिले सांगतलं होतं."

 ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला तिची दया येत होती आणि दया आली म्हणून आणखी राग येत होता. माझी खळीवाली मैत्रीण मेली होती आणि तिच्यासाठी रडायला शेजारी होती ती हीच बाई. शेवटी मीच म्हटलं, "चला, नाटकाले उशीर होते." नाटकाला ती माय आणि मोठीमायच्या मध्ये बसली. सकाळी पहिल्या जीपनं गेली, मायनं बांधून दिलेल्या वड्यांची पुरचुंडी घेऊन. मी फाट्यावर सोडायला गेले नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या सकाळीच कळत होती, कबूल करायला वेळ लागला. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. दोन्ही चुलींची लाडकी पाहुणी म्हणून जेवून, नाटक बघून ती निघून गेली असती. माझं सामान घरी आलं असतं, आणि तिचं खोटं जन्मभर झाकलेलं राहिलं असतं. भरल्या पंगतीत, वीस अनोळखी माणसांपुढे तिनं ते उघडं केलं, माझ्या कॉलेजासाठी. पडद्यावर हे कुणाला करता येत नाही, त्याला समोर बसलेलं माणूसच लागतं.

मी नेटवर जाणं सोडलं. राग माझा हक्काचा होता आणि मी तो सांभाळून ठेवला. मग एका सोमवारी माय नवा चष्मा घ्यायला ब्रह्मपुरीला आली. डॉक्टरकडून निघाल्यावर म्हणाली, "तुही ते मशीन कुठी हाय?"

"कायले पायजे तुले?"

"आपल्या घरून गेलेल्या पाहुन्याले, पोचला काय, म्हनून विचारत नाईत काय? लाज हाय का नाई तुले?"

मी तिला त्या दुकानात नेलं. आम्ही दोघी त्या आडोशात एका बाकावर कशाबशा बसलो. मी चॅट उघडलं. तिनं नाव बदललं होतं. प्राजक्ता गेली होती, तिथं सुमन होतं, आणि नावापुढे खरं वय. मी लिहिलं, नीट पोचल्या का? उत्तर लगेच आलं, जणू ती तिथून उठलीच नव्हती. वडे प्रवासातच संपले म्हणाली. मायला वाचून दाखवलं तर ती खुशीत आली. नव्या चष्म्यातून पडद्याकडे बघत म्हणाली, "विचार, गुडघा कसा हाय तिचा." मी विचारलं. बराच वेळ गुडघ्यावरच चाललं. मग सुमनताईंनी लिहिलं, तुमचं कसं चाललंय?

"हे कोनाले विचारून राह्यली?" माय म्हणाली. "तुले का मले?"

"तुले."

  मायनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "मले तिच्याशी एकटीले बोलाचं हाय," ती म्हणाली.

"तुले टायपिंग येते काय?"

"तू लिव ना. लिव अन् विसरून जा."

मी कीबोर्डवर मान घातली. माय बोलू लागली, पडद्याकडे बघून, सावकाश, मी बाजूला नसल्यासारखी. मी मान वर केली नाही, एकदासुद्धा. बोटं चालत होती आणि गाल ओले होत होते, पण तिच्याकडे बघितलं असतं तर ती थांबली असती. भाऊ वेळ संपली म्हणून येऊन गेले, मी हातानंच आणखी वेळ मागितला. ते पुन्हा आले, पुन्हा मागितला. शेवटी माय म्हणाली, "बस, झालं," आणि पिशवी उचलून जीप पकडायला निघाली. पायऱ्या उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरली.

तिनं त्या दिवशी काय काय सांगितलं, ते या पुस्तकात कुठेच नाही. माझ्या लेकीनं विचारलं, तिलाही सांगितलं नाही. विसरून जा म्हणाली होती. मी विसरले.